हलका स्टिक व्हॅक्यूम: नाशिकच्या फरशीसाठी कोणता, आणि दुकानात काय तपासायचं

नाशिकमधल्या बहुतेक फ्लॅटमध्ये खाली दोन बाय दोनची गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल असते. गालिचा असलाच तर सोफ्यापुढे एखादा छोटा तुकडा. मार्च ते मे या कोरड्या महिन्यांत पाथर्डी फाटा, इंदिरानगर, आडगाव, अंबड अशा हायवेच्या किंवा बांधकामांच्या जवळच्या भागात सकाळी पुसलेल्या लादीवर संध्याकाळी पाय ठेवला की बारीक कचकच लागते. फूलझाडू फिरवला की यातला जड भाग सुपलीत येतो, पण पिठासारखी बारीक धूळ उडते आणि तासाभरात टीव्ही, टीपॉय आणि खिडकीच्या चौकटीवर येऊन बसते. स्टिक व्हॅक्यूमचा, म्हणजे काठीसारखा हातात धरून फिरवायच्या व्हॅक्यूम क्लीनरचा, खरा उपयोग या उडणाऱ्या धुळीसाठी आहे. काडीकचरा आणि केस तो उचलतोच.

इंटरनेटवरची बहुतेक परीक्षणं गालिचा डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली असतात. गालिच्याच्या खोल तंतूंतून माती ओढायला जोर लागतो, म्हणून तिथे सगळी चर्चा सक्शनची, म्हणजे ओढीची होते. टाइलवर धूळ वरच पडलेली असते. तिला फक्त पृष्ठभागापासून सुटं करून, न उडवता आत घ्यायचं असतं. त्यामुळे आपल्याकडे मशीन निवडताना क्रम बदलतो: आधी खालचं तोंड, मग हातात येणारं वजन, मग फिल्टर आणि बॅटरी. सक्शनचा आकडा त्यानंतर.

तोंड, म्हणजे फ्लोअर हेड

स्टिक व्हॅक्यूमच्या तोंडात एक फिरणारा रोलर असतो. तो दोन जातींचा मिळतो. एकावर ताठ नायलॉनचे केस तिरप्या रांगांत लावलेले असतात, तो गालिच्यासाठी. दुसरा पूर्ण मऊ, मखमलीसारख्या कापडाने मढवलेला, कधीकधी त्यात काळ्या कार्बन फायबरच्या पट्ट्या. मऊ रोलर टाइलला सलग टेकतो, बारीक धूळ पुसून उचलतो आणि लगेच हवेच्या झोतात सोडतो. ताठ केसांचा रोलर टाइलवर मोहरीचा दाणा, साखर किंवा वाळूचा कण मागे भिरकावतो. मशीन पुढे जातं आणि कचरा तुमच्या पायाशी येतो. पेटीत एकच रोलर मिळणार असेल तर मऊ हवा. दोन्ही मिळाले तर उत्तम.

रोलरला स्वतःची मोटर आहे का, हे विचारा. स्वस्त मॉडेलमध्ये रोलर हवेच्या झोताने फिरतो, थोडा दाब पडला की थांबतो. स्वतंत्र मोटर असलेल्या तोंडाला पाइपच्या टोकाशी दोन-तीन धातूच्या पिना दिसतात. वीज तिथून खाली जाते. पिना नसतील तर मोटरही नाही.

तोंडाच्या पुढच्या कडेकडे बघा. कड पूर्ण बंद असेल तर पोहे, शेव, कांद्याची टरफलं आत न जाता पुढे ढकलली जातात. मऊ रोलरच्या चांगल्या तोंडात रोलर पुढच्या बाजूने उघडा असतो, त्यामुळे मोठा कणही थेट त्याच्या पकडीत येतो. खालची चाकं रबराची किंवा कापडी पट्टी लावलेली हवीत. कडक प्लास्टिकच्या चाकात वाळूचा कण रुतला की मार्बलवर आणि चकचकीत टाइलवर बारीक रेघा उमटतात, त्या पॉलिश केल्याशिवाय जात नाहीत.

शेवटची गोष्ट मानेची. तोंड आणि पाइप यांच्यामध्ये घड्या पडणारी छोटी नळी असते. रोज हजार वेळा वळणारा भाग हाच, आणि दोन-तीन वर्षांनी चिरतोही हाच. ती नळी सुटी मिळते की पूर्ण तोंडच बदलावं लागतं, हे आधीच विचारलेलं बरं.

जुन्या नाशकात, पंचवटीत, वाड्यांमध्ये आणि जुन्या बैठ्या घरांत शहाबादी फरशी आहे. तिथे हिशेब वेगळा. शहाबादी खडबडीत, तिचे सांधे रुंद आणि खोल. मऊ रोलर सांध्याच्या तळाला टेकत नाही, तोंड आणि फरशी यांत फट राहते, त्यामुळे ओढही कमी पडते. अशा घरात ताठ केसांचा रोलर आणि जास्त हवा ओढणारं, वायरवर चालणारं मशीन अधिक काम देतं. सांध्यांमधून आठवड्यातून एकदा चपटं, अरुंद तोंड फिरवायचं.

वजन: छापलेलं आणि हातातलं

पेटीवर ‘फक्त १.३ किलो’ लिहिलेलं असतं तेव्हा ते बहुधा नुसत्या वरच्या भागाचं असतं. पाइप आणि मोटरवालं तोंड जोडलं की तेच मशीन सव्वादोन-अडीच किलोवर जातं. दुकानात सगळं जोडून घ्या आणि हँडलला सामानाचा हुकवाला काटा अडकवून वजन करा. काटा नसेल तर मनगटावर विश्वास ठेवा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे वजन कुठे आहे. स्टिक व्हॅक्यूमच्या दोन ठेवणी आहेत. पहिलीत मोटर, डबा आणि बॅटरी हातापाशी, खाली फक्त पाइप आणि तोंड. हे मशीन आडवं होऊन दिवाणाखाली, पलंगाखाली शिरतं. पाइप काढला की तेच हातात धरून सोफा, कार, पडदे साफ करता येतात. पण दीड किलोचा भार सतत मनगटावर असतो, आणि ते स्वतः उभं राहत नाही. भिंतीला टेकवून ठेवलं की घसरून पडतं आणि डब्याचं झाकण फुटतं. त्याला भिंतीवरचा हुक किंवा स्टँड लागतोच.

दुसऱ्या ठेवणीत मोटर आणि डबा खाली, तोंडाजवळ असतात. हाताला जेमतेम अर्धा-पाऊण किलो जाणवतो, मशीन आपलं आपण उभं राहतं, आणि ज्यांना मनगट किंवा खांदा दुखण्याचा त्रास आहे त्यांना हेच सोसतं. मात्र डबा आडवा येत असल्याने ते पलंगाखाली एक वीत जाऊन अडतं. कोळ्याची जाळी काढायची, पंख्यावरून फिरवायचं तर ते उचलणं नकोसं होतं. घरात बॉक्सचे पलंग असतील, खाली जागाच नसेल, तर ही अडचण उरत नाही. तेव्हा आधी घरातल्या दिवाण-सोफ्याखालची उंची टेपने मोजा. दहा सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर दुकानात तोंडाची उंचीही मोजा.

चालू ठेवण्यासाठी खटका सतत दाबून धरावा लागतो का, तेही बघा. पंधरा मिनिटं बोट दाबून ठेवणं तरुण माणसालाही कंटाळवाणं होतं, संधिवात असलेल्यांना तर शक्यच नाही. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद, असं बटण असलेलंच घ्या. घरकामाला येणाऱ्या मावशी मशीन वापरणार असतील तर त्यांनाही तेच सोयीचं. आणि निवडताना त्यांच्या उंचीचाही विचार करा, पाइपची लांबी कमी-जास्त होणारी असेल तर कुणालाच वाकावं लागत नाही.

किलोपास्कल, वॉट आणि एअर वॉट

दुकानात सगळ्यात मोठ्याने सांगितला जाणारा आकडा किलोपास्कलचा, म्हणजे ओढीच्या दाबाचा. तो मोजतात पाइपचं तोंड पूर्ण बंद करून. म्हणजे त्या क्षणी हवा वाहतच नसते आणि धूळ ओढण्याचं काम शून्य असतं. दाब आणि हवेचा प्रवाह दोन्ही मिळून काम होतं. त्यांच्या गुणाकाराला एअर वॉट म्हणतात. मशीन जास्तीत जास्त २० किलोपास्कल ओढत असेल आणि पूर्ण मोकळ्या तोंडाने सेकंदाला २० लिटर हवा घेत असेल, तर प्रत्यक्ष काम साधारण दोन्हींच्या निम्म्यावर सर्वाधिक होतं: १० गुणिले १०, म्हणजे १०० एअर वॉट. प्रवाह सेकंदाला १२ लिटरच असेल तर त्याच २० किलोपास्कलमधून ६० एअर वॉटच मिळतात. म्हणून नुसता दाबाचा आकडा सांगणाऱ्याला एअर वॉट विचारा. उत्तर आलं नाही तर मोहरी-पोह्यांची चाचणी घ्या, ती खाली दिली आहे.

‘६०० वॉट’ हा आकडा मशीन किती वीज खातं ते सांगतो. त्यातली बरीच उष्णता आणि आवाजात जाते. टाइलच्या घरात रोजच्या कामाला ६० ते १०० एअर वॉट पुरतात, तोंड चांगलं असेल तर.

बॅटरीचा हिशेब

पेटीवरच्या ‘४५ मिनिटं’ या आकड्याचा अर्थ सगळ्यात हळू वेगावर आणि मोटर नसलेलं साधं तोंड लावून ४५ मिनिटं. प्रत्यक्षातला वेळ स्वतः काढता येतो. बॅटरीवर व्होल्ट आणि मिलिअँपिअर-तास छापलेले असतात. २५.२ व्होल्ट आणि २५०० मिलिअँपिअर-तास असतील तर २५.२ गुणिले २.५ (२५०० भागिले हजार), म्हणजे ६३ वॉट-तास ऊर्जा. मोटरवाल्या तोंडासह मशीन हळू वेगावर साधारण १२० वॉट घेत असेल तर अर्धा तास. पूर्ण वेगावर ४०० वॉट घेतलं तर साडेनऊ मिनिटं. २१.६ व्होल्ट आणि २००० मिलिअँपिअर-तासांच्या छोट्या बॅटरीत ४३ वॉट-तासच असतात, म्हणजे हळू वेगावर वीस-एकवीस मिनिटं.

साडेसहाशे चौरस फूट कार्पेट एरियाच्या दोन बीएचकेला, सामान सरकवत, दोन हात फिरवायला १५ ते २० मिनिटं लागतात. तेव्हा छोटी बॅटरी नवी असताना जेमतेम पुरेल, आणि वर्ष-दीड वर्षाने शेवटची खोली राहून जाईल. लिथियम-आयन बॅटरी सुमारे ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर तिची क्षमता ठळकपणे घटू लागते. रोज वापर असेल तर ही गोष्ट दुसऱ्या वर्षीच जाणवते. म्हणून आमचा आग्रह एकच: बॅटरी खटका दाबून निघणारी हवी, सुटी विकत मिळणारी हवी, आणि तिची किंमत आज, खरेदीच्या दिवशी कळायला हवी. बॅटरी मिळेल की नाही याबद्दल विक्रेता अडखळला तर ते मॉडेल सोडून द्या, कितीही सवलत असली तरी.

बॅटरीचा खरा शत्रू उष्णता. काम संपल्यावर ती गरम असते, तशीच चार्जिंगला लावू नका, अर्धा तास थांबा. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा पश्चिमेच्या गॅलरीत किंवा वॉशिंग मशीनच्या वर चार्जिंगचा हुक लावणं चुकीचं. घरातली सावलीची भिंत निवडा. महिनाभर गावाला जायचं असेल तर बॅटरी निम्मी भरलेली ठेवून काढून ठेवा.

विजेचं बिल हा मुद्दाच नाही. रोज एकदा ६३ वॉट-तासांची बॅटरी भरली तर महिन्याला अडीच युनिटच्या आत. वायरचं ६०० वॉटचं मशीन रोज २० मिनिटं चाललं तर सहा युनिट.

फिल्टर, आणि पावसाळा

धूळ आत येते तेव्हा हवा डब्यात गोल फिरते, जड कण कडेला फेकले जाऊन खाली बसतात. उरलेली बारीक धूळ जाळी, मग स्पंजचा फिल्टर आणि शेवटी हेपा फिल्टर अडवतो. युरोपीय मानकाप्रमाणे एच१३ दर्जाचा हेपा अडवायला सगळ्यात कठीण आकाराच्या कणांपैकी ९९.९५ टक्के अडवतो. नुसतं ‘हेपा टाइप’ लिहिलेलं असेल तर त्यातून अशी कुठलीही हमी दिलेली नसते.

पण फिल्टर कितीही चांगला असला तरी त्याच्या बाजूने फट असेल तर धूळ तिथून निघून पुन्हा खोलीत येते. घरात दमा किंवा धुळीची ॲलर्जी असलेलं कुणी असेल तर ही चाचणी करून बघा: अंधाऱ्या खोलीत चमचाभर मैदा ओढून घ्या आणि हवा बाहेर पडते तिथे मोबाइलचा टॉर्च आडवा धरा. उजेडाच्या पट्ट्यात कण नाचताना दिसले तर सील गळकं आहे. दुसरी खूण, फिल्टर काढून त्याच्या मोटरकडच्या बाजूवरून पांढरा रुमाल फिरवा. ती बाजू स्वच्छच असायला हवी.

स्पंजचा फिल्टर आठवड्याला झटकायचा, महिन्यातून एकदा गार पाण्याखाली पिळायचा. साबण नको, त्याचा अंश उरतो आणि धूळ चिकटते. कोरड्या दिवसांत तो चोवीस तासांत सुकतो. जुलै-ऑगस्टमध्ये नाशिकच्या दमट हवेत त्याला दोन-तीन दिवस लागतात, आणि इथेच बरीच मशीनं बिघडतात. ओलसर फिल्टर बसवला की धुळीचा चिखल होतो, कुबट वास येतो, हवा अडते, मोटर तापते. घाईने गॅसजवळ धरला किंवा हेअर ड्रायर मारला तर स्पंज आकसतो आणि सील जाते. उपाय साधा: फिल्टरचा दुसरा जोड खरेदीसोबतच घ्या. एक मशीनमध्ये, एक पंख्याखाली. घड्या असलेला कागदी हेपा धुवायचा नसतो, तो फक्त हलक्या हाताने कचऱ्याच्या डब्यावर आपटायचा. धुता येतो की नाही याची खूण त्याच्या कडेवर असते, नळाचं चित्र असेल तरच पाणी लावा.

डबा तीन-चार दिवस साठवू नका. ‘मॅक्स’च्या रेघेपर्यंत भरला की धूळ वर उचलली जाऊन थेट फिल्टरवर बसते. रोज किंवा दिवसाआड, वर्तमानपत्रावर डबा अगदी खाली धरून उघडा, कागद दुमडून बांधा आणि घंटागाडीच्या कचऱ्यात टाका. घंटागाडीपाशी डबा उघडून झटकला तर निम्मी धूळ अंगावर येते. जाळीभोवती गुंडाळलेले केस जुन्या टूथब्रशने काढायचे.

काय ओढायचं नाही

पाणी, ओली लादी, स्वयंपाकघरातला ओलसर कचरा हे तर नाहीच, ओलं-सुकं दोन्ही चालणारं वेगळं मशीन असल्याशिवाय. म्हणून क्रम असा: आधी व्हॅक्यूम, मग पुसणं. उलट केलंत तर ओलसर धूळ रोलरला लिंपून बसते.

रांगोळी ही दगडाची भुकटी. चिमूटभर चालेल, पण दारातली पूर्ण रांगोळी ओढली की फिल्टर एका दमात चोंदतो. ती आधी झाडूने सुपलीत भरा, मग उरलेल्या पुसट थरावर मशीन फिरवा. गणपतीनंतरचा गुलाल आणि सजावटीची चमकी यांनाही हेच लागू. घरात पीओपीचं किंवा टाइल कापण्याचं काम झालं असेल तर स्टिक व्हॅक्यूम बाहेरच काढू नका, त्या कामासाठी मोठे वर्कशॉप व्हॅक्यूम असतात. उदबत्तीची राख पूर्ण थंड झाल्यावरच. देवघरातल्या ओल्या पाकळ्या हाताने उचला, त्या पाइपच्या वळणावर चिकटतात. संक्रांतीनंतर गच्चीतून घरात आलेला मांजा रोलरवर गुंडाळला जातो, टोकाच्या बेअरिंगमध्ये शिरतो आणि तापून तिथेच वितळतो. सांडलेलं पीठही आधी सुपलीत. मनुके, गूळ, चिकट काहीही मऊ रोलरला लागलं तर रोलर धुवावाच लागतो.

दुकानातली दहा मिनिटं

कॉलेज रोड असो, एम. जी. रोड असो की उंटवाडीचं सिटी सेंटर मॉल, डेमोचं मशीन चालू करून बघायला मागा. खिशात तीन पुड्या न्या: मूठभर जाडे पोहे, चमचाभर मोहरी, चमचाभर मैदा. दुकानाच्या टाइलवर पसरायची परवानगी घ्या, चांगला दुकानदार देतो.

पोह्यांवरून हळू वेगाने पुढे न्या. ते तोंडापुढे ढकलले जाताहेत का बघा. मोहरीवर मागे भिरकावणं दिसतं. मैदा टाइलच्या सांध्यावर बोटाने दाबून बसवा, आणि एका फेरीत किती निघतो ते बघा. भिंतीच्या कडेला नेऊन अखेरच्या एक-दीड सेंटिमीटरमध्ये काय उरतं, तेही. हे सगळं मधल्या वेगावर करा. विक्रेता नेहमी टर्बोवर दाखवतो आणि तो वेग घरी दहा मिनिटंसुद्धा टिकत नाही.

मग मशीन आडवं करून जमिनीला लावा, तोंड उचललं जाता कामा नये. एका हाताने डोक्यावर धरा, पंख्याच्या पात्यापर्यंत नेल्यासारखं. डबा स्वतःच्या हाताने उघडा, बंद करा. रोलर नाण्याने किंवा बोटाने काढता येतो का बघा, कारण लांब केसांच्या घरात तो दर आठवड्याला काढावा लागणार आहे. वेग वाढवलेला असताना शेजारच्या माणसाशी बोलून बघा.

कुणी काय घ्यावं

अडीच ते चार-साडेचार हजारांत वायरचे स्टिक व्हॅक्यूम मिळतात, साधारण ६०० ते ८०० वॉटचे. ओढ शेवटपर्यंत सारखी, बॅटरीची चिंता नाही. तोंडात मोटर नाही, आवाज मोठा, आणि पाच-सहा मीटर वायर असल्याने खोली बदलताना प्लग बदलावा लागतो. एक बीएचके, भाड्याचं घर किंवा शहाबादी फरशी असेल तर आम्ही हेच सुचवू. या किमतीत दुसरं काही मागू नये.

आठ ते पंधरा हजारांतले कॉर्डलेस, म्हणजे बिनवायरचे, बॅटरीवर चालणारे, ही सगळ्यात गजबजलेली जागा. इथे चांगलं आणि वाईट एकाच फळीवर शेजारी मांडलेलं असतं, म्हणून वरच्या सगळ्या चाचण्या इथेच जास्त लागतात. मोटरवालं मऊ रोलरचं तोंड, किमान ५० वॉट-तासांची निघणारी बॅटरी, दोन फिल्टर आणि पूर्ण जोडून अडीच किलोच्या आत वजन, एवढं जुळलं तर दोन बीएचकेसाठी याहून जास्त खर्च करण्याची गरज नाही.

पंचवीस हजारांच्या वर डायसनसारखी नावं येतात. त्यातलं व्ही१२ डिटेक्ट स्लिम २.२ किलोचं, १५० एअर वॉटचं, बटणाने चालू-बंद होणारं, बॅटरी खटक्याने निघणारी. त्याच्या मऊ रोलरच्या तोंडावरचा हिरवा उजेड गडद टाइलवरची न दिसणारी धूळ उठून दाखवतो, आणि टाइलच्या घरात ही सोय खरोखर कामाची आहे. उणीव डब्याची, तो फक्त ०.३५ लिटरचा, म्हणजे रोज रिकामा करायचा. त्याच घराण्यातलं व्ही१५ जास्त ताकदीचं, डबा ०.७६ लिटरचा, पण वजन तीन किलोच्या घरात. गालिचे नसतील तर ते जास्तीचं वजन रोज कशासाठी उचलायचं? जुनं व्ही८ स्वस्तात मिळतं, पण त्याचा खटका दाबून धरावा लागतो आणि बॅटरी स्क्रूने बसवलेली असते.

युरेका फोर्ब्सने १९८२ पासून घरोघरी डेमो देत भारतात व्हॅक्यूम क्लीनर रुजवला. त्या काळातली डब्यासारखी, चाकांवर ओढायची मशीनं आज अनेक घरांत माळ्यावर आहेत, आणि त्यांची ओढ अजूनही चांगली असते. ती माळ्यावर गेली कारण पाइप, नळी, वायर जोडण्यातच उत्साह संपायचा. दिवाळीच्या मोठ्या सफाईला, गाद्या आणि सोफ्यांना ती खाली काढा. स्टिक घेतला म्हणून ती भंगारात देऊ नका.

काय बिघडतं, आणि आधी काय बघायचं

मशीन दर सेकंदाला चालू-बंद होत असेल तर हवा अडली आहे. क्रमाने डबा, फिल्टर, पाइप, तोंडाचं वळण बघा. पाइप उजेडाकडे धरला की गोळा दिसतो. मोटर चालते पण रोलर थांबला, तर आधी टोकांवरचे केस कापा. तरीही नाही फिरला तर पाइपच्या पिना कोरड्या कापडाने पुसा, पाइप काढून तोंड थेट मशीनला लावून बघा. असं केल्यावर फिरलं तर दोष पाइपमधल्या वायरचा, तोंडाचा नाही. वास येत असेल तर फिल्टर ओला राहिला आहे. ओढ हळूहळू कमी झाली आणि फिल्टर स्वच्छ असेल, तर डब्याच्या झाकणाची रबरी कड बघा, एखादा केस तिथे अडकला तरी हवा गळते. मिनिटं अचानक निम्मी झाली तर बॅटरी.

हे सगळं घरी होतं. मोटरला हात लावू नका.

बिल आणि सर्व्हिस

विकत घेण्याआधी कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करून नाशिकचा पिनकोड सांगा आणि तीन गोष्टी विचारा: दुरुस्ती शहरात होते की मशीन मुंबई-पुण्याला जातं, बॅटरीची वॉरंटी मशीनइतकीच आहे की कमी, आणि रोलर, फिल्टर, बॅटरीच्या आजच्या किमती काय. बऱ्याच मॉडेलमध्ये मोटरला दोन वर्षं आणि बॅटरीला एक वर्ष किंवा सहा महिनेच असतात. हे बारीक अक्षरात छापलेलं असतं. पेटीवर आयातदाराचा पत्ता आणि चार्जरवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण व नोंदणी क्रमांक बघा. जीएसटी बिलावर मशीनचा सीरियल नंबर लिहून घ्या, त्याशिवाय वॉरंटीत वाद होतात. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका, दाबली गेली तर पेट घेऊ शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावा आणि नवी घेताना त्याच सर्व्हिस सेंटरला जुनी द्या.